प्रौढांतील अवधानदोष आणि महानगराची अर्थव्यवस्था

(राजधानी परिसरातील शासकीय अधिकारी व मनुष्यबळ व्यवस्थापक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मनुष्यबळाच्या चर्चेत शिक्षण, कौशल्य आणि आरोग्य या तीन घटकांचा उल्लेख नेहमीच होतो. या तिन्हींचे प्रत्यक्ष उत्पादनात रूपांतर करणारा चौथा घटक म्हणजे अवधान. त्याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. शेतीत कामाची गती ऋतू ठरवितो, कारखान्यात ती यंत्र ठरविते. सेवाक्षेत्रात ती कर्मचाऱ्याने स्वतःच ठरवावयाची असते. गुरुग्राम आणि नोएडा येथील कार्यालये असोत की मध्य दिल्लीतील मंत्रालयांची भवने असोत, तेथील कामाचा कच्चा माल आणि यंत्र ही दोन्ही म्हणजे माणसाचे लक्ष होय. अशा अर्थव्यवस्थेत ज्यांच्या मेंदूची घडणच लक्ष टिकविण्याच्या आड येते, त्या प्रौढ व्यक्तींचे काय होते, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

वैद्यकशास्त्रात ही अवस्था एडीएचडी या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. मराठीत तिला अवधानन्यूनता व अतिचंचलता विकार असे म्हटले जाते. हा केवळ लहान मुलांचा प्रश्न आहे, वय वाढले की तो आपोआप सुटतो, असा समज दीर्घकाळ रूढ होता. आज तो टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक आरोग्य सर्वेक्षण मालिकेतील दहा देशांच्या माहितीवर आधारित अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १८ ते ४४ या वयोगटातील सरासरी ३.४ टक्के व्यक्तींमध्ये हा विकार आढळला. उच्च उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ४.२ टक्के, तर कमी उत्पन्नाच्या देशांत १.९ टक्के होते. याच मालिकेतील २००८ च्या अभ्यासाने नोकरदारांचा स्वतंत्र विचार केला आणि असे दाखवून दिले की, हा विकार असलेल्या कर्मचाऱ्याचे इतरांच्या तुलनेत वर्षाला सरासरी २२ दिवसांचे काम अधिक वाया जाते. यात गैरहजेरीचे दिवस आहेत, तसेच हजर असूनही काम न झालेले दिवसही आहेत. बावीस दिवस म्हणजे जवळजवळ एका महिन्याचे कामकाजाचे दिवस होत.

भारत या दहा देशांत नव्हता. उच्च व कमी उत्पन्नाच्या देशांतील तफावतीचा अर्थ लावतानाही सावधगिरी हवी. गरीब देशांत हा विकार खरोखरच कमी आहे, की तेथील दैनंदिन जीवन त्याला उघडे पाडत नाही, की विचारलेल्या प्रश्नांचा अर्थच वेगळा लावला जातो, हे या आकड्यांवरून ठरत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात, बालपणी सुरू होऊन प्रौढपणीही टिकून राहिलेल्या विकाराचे जागतिक प्रमाण सुमारे २.५८ टक्के अंदाजिले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दिल्लीची लोकसंख्या १ कोटी ६८ लाख होती. त्यातील प्रौढ एक कोटीच्या आसपास धरले, तरी केवळ दिल्लीत अडीच लाख व्यक्तींचा प्रश्न उभा राहतो. हा हिशेब ढोबळ आहे आणि परकीय प्रमाणावर आधारलेला आहे, हे मान्य करूनही त्याचा आकार दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

स्वभाव की विकार?

मराठीत या लक्षणांसाठी शब्दांची वाण नाही. वेंधळा, धांदरट, विसरभोळा, उतावळा, चंचल आणि सर्वांत नेमका म्हणजे आरंभशूर. दहा कामे हौसेने हाती घेणारा आणि एकही तडीस न नेणारा आरंभशूर प्रत्येक कुटुंबाच्या परिचयाचा असतो. परंतु हे सर्व शब्द दोष माणसाच्या स्वभावाकडे आणि पर्यायाने त्याच्या इच्छाशक्तीकडे लावतात. ज्याने तिशी-पस्तिशीपर्यंत ही विशेषणे ऐकली आहेत, त्याने ती खरी मानलेली असतात. या विकारासोबत नैराश्य व चिंता यांचे प्रमाण मोठे असते, त्यामागे हेही एक कारण असावे.

प्रौढ वयात बाह्य चंचलता बरीच ओसरते. वर्गात बाकावर न टिकणारा मुलगा कार्यालयात खुर्चीवर बसून राहतो. अस्वस्थता आत सरकते. उरतात त्या कमी दृश्य अडचणी: काम माहीत असूनही सुरू न होणे, वेळेचा अंदाज सतत चुकणे, समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधी बोलणे, किल्ल्या, ओळखपत्र, चष्मा यांचा रोजचा शोध, शेवटच्या टप्प्यावर सोडून दिलेली कामे. यात गोंधळात टाकणारी बाब अशी की, आवडीच्या विषयात हीच व्यक्ती तहानभूक विसरून तासन्‌तास गुंतून राहू शकते. वरिष्ठ म्हणतात, "मनात आणले तर करतो, मनातच आणत नाही." वस्तुतः येथे लक्षाचा अभाव नसतो. लक्ष कोठे लावावे आणि कोठून काढावे यावरील नियंत्रणाचा अभाव असतो.

लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये अशा मुलांचे वर्णन केले होते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत 'अवधानन्यूनता' हा शब्द १९८० मध्ये आला. प्रौढांच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल झाला तो २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत. सतरा वर्षांवरील व्यक्तीसाठी प्रत्येक गटातील नऊपैकी पाच लक्षणे पुरेशी मानली गेली आणि लक्षणांचा आरंभ सातऐवजी बाराव्या वर्षापूर्वी झालेला असावा, असे ठरले. विकार मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. व्यक्ती-व्यक्तींतील फरकाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग आनुवंशिकतेने स्पष्ट होतो, असे जुळ्यांचे अभ्यास सांगतात. मुलाच्या तपासणीसाठी आलेल्या पित्याला डॉक्टरांचे प्रश्न ऐकता ऐकता स्वतःचेच बालपण आठवू लागते, ते यामुळेच. प्रौढांचे निदान होण्याचा हा एक नेहमीचा मार्ग आहे.

निदानासाठी रक्ताची वा क्ष-किरणाची चाचणी नाही. सविस्तर मुलाखत, आई-वडिलांकडून मिळणारी बालपणीची माहिती आणि शक्य झाल्यास शाळेची जुनी प्रगतिपुस्तके यांचा आधार घ्यावा लागतो. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' हा वर्गशिक्षकाचा शेरा येथे पुरावा ठरतो. दिल्लीत स्थलांतरित झालेल्या माणसाचे प्रगतिपुस्तक लातूरला वा दरभंग्याला एखाद्या जुन्या ट्रंकेत असते, आणि आई-वडील मनोविकारतज्ज्ञाशी बोलण्यास सहसा तयार नसतात. शिवाय अपुरी झोप, थायरॉईडचे विकार, नैराश्य, व्यसन यांतूनही लक्ष विचलित होते. भ्रमणध्वनीच्या अतिवापराने आलेली अस्थिरता ही तर आज सार्वत्रिक आहे. बारा वर्षांच्या आत ज्याचा मागमूस नव्हता, तो चाळिशीत अचानक उद्‌भवला, असे या विकाराचे होत नाही. समाजमाध्यमांतील दोन मिनिटांच्या चित्रफितीवरून स्वतःचे निदान करून घेणाऱ्यांना हे सांगणे आवश्यक झाले आहे. मात्र २०२४ मध्ये मल्याळी अभिनेते फहाद फासिल यांनी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी आपले निदान झाल्याचे केरळमधील एका कार्यक्रमात जाहीरपणे सांगितले, त्याचा उपयोग निश्चितच झाला. यशस्वी प्रौढालाही हा विकार असू शकतो, ही गोष्ट व्याख्यानांपेक्षा अशा एका उदाहरणाने लवकर पटते.

घर सुटल्यावर

भारतीय कुटुंबव्यवस्था या विकारावर नकळत पांघरूण घालते. आई पहाटे उठवते, डबा हातात देते, शुल्काची तारीख वडिलांच्या लक्षात असते, मोठी बहीण वही शोधून देते. शाळा-महाविद्यालयाचे वेळापत्रक दुसऱ्याने आखलेले असते आणि परीक्षा ठरलेल्या दिवशी येते. बुद्धी तल्लख असेल, तर आदल्या रात्रीच्या अभ्यासावर पदवीही मिळून जाते. म्हणजेच ज्या कार्यांत ही व्यक्ती दुबळी असते, ती कार्ये इतर माणसे तिच्या वतीने पार पाडीत असतात.

स्थलांतराने हा आधार एका दिवसात निघून जातो. महाराष्ट्रातून दरवर्षी मोठ्या संख्येने तरुण-तरुणी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी ओल्ड राजिंदर नगर, करोलबाग, मुखर्जीनगर या भागांत येऊन राहतात. समोर अफाट अभ्यासक्रम, हाताशी वर्षभराचा मोकळा वेळ आणि विचारणारे कोणी नाही, यापेक्षा या विकाराला अनुकूल परिस्थिती कल्पिणे कठीण आहे. लाखो उमेदवारांतून हजाराच्या आसपास निवडले जाणाऱ्या परीक्षेत अपयश ही कोणत्याही विकाराची खूण नव्हे, हे उघड आहे. नेमके त्यामुळेच ज्याला खरोखर उपचारांची गरज आहे, तो त्या गर्दीत ओळखू येत नाही. त्याच्या घरी 'पोरगा दिल्लीत जाऊन बिघडला' एवढेच कळते.

नोकरी लागून गुरुग्राम वा नोएडा येथे बिऱ्हाड थाटणाऱ्यांची स्थिती फारशी वेगळी नसते. भाडेकरार, पोलीस पडताळणी, गॅस, वीज देयक, वाहनविमा, प्राप्तिकर विवरण ही सर्व किरकोळ कामे आहेत. परंतु ती करण्याची आठवण कोणीही करून देत नाही आणि एकही काम रोचक नाही. पुढे विवाह होतो आणि ही सर्व जबाबदारी पत्नीकडे जाते. ती पतीची विनावेतन सचिव बनते, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या श्रमाची नोंद कोठेही होत नाही.

हा विकार स्त्रीला असेल, तर मात्र असा सचिव तिला लाभत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. घर चालविणे म्हणजे दूध, डबे, औषधे, मुलांचा गृहपाठ, पाहुणे आणि कामवाल्या बाईची रजा हे सर्व एकाच वेळी ध्यानात ठेवणे. म्हणजे ज्या क्षमतेची उणीव आहे, तिचीच सर्वाधिक मागणी स्त्रीकडे केली जाते. मुलींमध्ये चंचलतेपेक्षा हरवलेपण अधिक दिसते. त्या वर्गात त्रास देत नाहीत, म्हणून शाळेत त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. अनेकींचे निदान कार्यालय आणि मूल या दोन्ही आघाड्या एकदम उघडल्यावरच होते.

विसराळूपणाचा कर

अर्थशास्त्रात भविष्यातील लाभापेक्षा तात्काळ लाभाला अवाजवी महत्त्व देण्याच्या प्रवृत्तीचा बराच अभ्यास झाला आहे. सर्वांमध्येच ती काही अंशी असते. या विकारात ती तीव्र असते, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. त्याचे आर्थिक परिणाम दरमहा मोजता येतात. प्राप्तिकर विवरण उशिरा भरल्यास २०१७ च्या वित्त कायद्याने दहा हजार रुपयांपर्यंत विलंबशुल्क आणले. अनेक क्रेडिट कार्डांवरील थकबाकीचे व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांपर्यंत जाते. ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरविणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. येथे पैसा खात्यात असतो, देण्याची इच्छाही असते. केवळ तारीख निसटलेली असते. दंड मात्र नादारासारखाच बसतो. त्यात न वापरलेल्या वर्गण्या, पुन्हा काढलेली ओळखपत्रे, चुकलेल्या गाड्यांची तिकिटे, आवेगात केलेली खरेदी आणि वारंवार बदललेल्या नोकऱ्या यांची भर घातली, तर हा एक प्रकारचा प्रतिगामी कर ठरतो. उत्पन्न जितके कमी, तितका त्याचा भार अधिक.

या संदर्भात तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरील २०१३ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. हेच शेतकरी कापणीपूर्वी, म्हणजे हाती पैसा नसताना, बौद्धिक चाचण्यांत मागे पडत आणि कापणीनंतर त्यांचेच गुण वाढत. अवधान हे मर्यादित साधन आहे आणि दारिद्र्य ते खर्ची पाडते, असा त्याचा निष्कर्ष होता. या निष्कर्षाचा आधार घेऊन 'गरिबांना काय हा विकार, ही तर परिस्थिती' असे म्हटले जाण्याचा धोका आहे. वास्तविक पाहता, ज्या सायकलरिक्षाचालकाला किंवा सुरक्षारक्षकाला हा विकार असेल, त्याचे अवधान दोन्ही बाजूंनी खर्च होते. त्याची नोंद मात्र कामचुकार म्हणून होते.

वाहन चालविण्याचा उल्लेख येथेच करणे योग्य. स्वीडनमधील १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारित २०१४ च्या अभ्यासात, पुरुष रुग्णांमध्ये औषध चालू असलेल्या काळात गंभीर वाहन अपघातांचा धोका सुमारे ५८ टक्क्यांनी कमी आढळला. दिल्लीत २००२ साली सुरू झालेली आणि पुढे नोएडा, गुरुग्रामपर्यंत पोहोचलेली मेट्रो ही या दृष्टीने एक आरोग्यसेवाच म्हटली पाहिजे. तिच्यात छत्री विसरली, तरी जीव जात नाही.

रोजच्या व्यवहारातील उपाय

या विकारासोबत जगणाऱ्यांना 'लक्ष द्या', 'शिस्त लावा' असा उपदेश करणे म्हणजे अंधुक दिसणाऱ्याला निरखून पाहण्यास सांगण्यासारखे आहे. उपयोगी पडते ते स्मरणशक्ती आणि वेळेची जाणीव मेंदूबाहेर, डोळ्यांसमोर आणून ठेवणे. दाराशेजारी एकच खुंटी आणि किल्ल्या, ओळखपत्र, मेट्रो कार्ड यांची तीच एक जागा. एकच वही, चार वह्या आणि तीन ॲप्स नव्हेत, कारण नव्या वहीची हौस आठवडाभरच टिकते. 'अहवाल लिहिणे' हे काम यादीत कधीच सुरू होत नाही. 'जुनी फाईल काढणे', 'पहिला तक्ता भरणे' ही सुरू होतात. भिंतीवर काटे असलेले घड्याळ, कारण सरणारा वेळ त्यात दिसतो. कंटाळवाण्या कामाच्या वेळी जवळ कोणी नुसते बसले असले, तरी काम पुढे सरकते. घरी अभ्यास न होणारा विद्यार्थी वाचनालयात तीन तास बसतो, त्याचे रहस्य हेच. ठरावीक झोप आणि नियमित व्यायाम यांचा लाभही अनुभवास येतो.

देयकांसाठी बँकेची स्वयंचलित सूचना हा निर्विवाद लाभ आहे. २०२० पासून यूपीआयवरही ही सोय झाली. तिची एक मेख लक्षात ठेवावी लागते: खात्यात पुरेशी रक्कम नसेल, तर तोच व्यवहार परत जातो आणि वर दंड बसतो. म्हणून पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्व हप्ते आणि बचत वळती करून घेणे, आणि उरलेल्याच रकमेचे कार्ड खिशात ठेवणे अधिक सुरक्षित. संध्याकाळचा मोह सकाळीच अशक्य करून ठेवणे हे तत्त्व रिचर्ड थेलर यांच्या बचतविषयक योजनांमागेही आहे. त्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या युक्त्या सर्वसामान्यांना सोयीच्या, त्या येथे अत्यावश्यक ठरतात, इतकाच फरक.

अशी कौशल्ये शिकविणाऱ्या संज्ञानात्मक वर्तन-उपचारांचा प्रौढांवरील उपयोग नियंत्रित चाचण्यांनी सिद्ध झाला आहे. औषध घेऊनही लक्षणे उरलेल्या ८६ प्रौढांवरील अमेरिकेतील चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत या उपचारांनी अधिक सुधारणा दिसली. राजधानी परिसरात असे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ आहेत, परंतु बहुतेक खासगी क्षेत्रात, आणि दर भेटीचे शुल्क मध्यमवर्गालाही जड वाटावे असे.

औषधाची वाट

औषधांमध्ये मिथाइलफेनिडेट हे जुने आणि परिणामकारक औषध आहे. त्याचे संश्लेषण १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झाले. ॲटोमॉक्सेटिन हे दुसरे. अमेरिकेत त्यास २००२ मध्ये मान्यता मिळाली. ते उत्तेजक गटातील नाही आणि त्याचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. दोन्हींसाठी रक्तदाब, नाडी व भूक यांवर लक्ष ठेवावे लागते. औषधाने विकार नाहीसा होत नाही, पण कामास प्रारंभ करणे शक्य होते, आणि पुष्कळदा तेवढेच हवे असते.

मिथाइलफेनिडेट हा १९८५ च्या मादक व मनःप्रभावी पदार्थविषयक कायद्याखालील पदार्थ असून औषध नियमांच्या 'एक्स' अनुसूचीत त्याचा समावेश आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी, एक प्रत विक्रेत्याने दोन वर्षे जपावी, साठा कुलपात ठेवावा, असा दंडक आहे. त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. परिणामी बहुसंख्य औषध दुकाने या भानगडीत पडतच नाहीत. मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी या अनुसूचीतील औषधे दूरस्थ तपासणीवर लिहून देण्यास मनाई केली. उत्तेजकांचा गैरवापर होतो, परीक्षेच्या काळात तो विद्यार्थ्यांतही होतो. म्हणून नियंत्रण अनाठायी नाही. पण त्याचा प्रत्यक्ष परिणाम पाहावा. ज्याला तारखा लक्षात राहत नाहीत, कागद सापडत नाहीत आणि रांगेत थांबवत नाही, अशा रुग्णाने औषध संपण्याआधी स्वतः रुग्णालयात जावे, दोन प्रती सांभाळाव्यात आणि मोजक्या दुकानांतून साठा शोधावा, अशी ही व्यवस्था आहे. आजाराची जी लक्षणे, त्यांवर मात केल्याशिवाय आजाराचे औषध मिळत नाही.

दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, राममनोहर लोहिया रुग्णालय आणि दिलशाद गार्डन येथील मानवी वर्तन व संबद्ध विज्ञान संस्था, म्हणजेच इहबास, येथे सार्वजनिक सेवा उपलब्ध आहे. शहादऱ्याच्या जुन्या मनोरुग्णालयाचे १९९३ मध्ये या स्वायत्त संस्थेत रूपांतर झाले. गर्दी सर्वत्रच आहे. देशात एक लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञ ०.७५ असल्याचे २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत नमूद आहे. याच पाहणीने मानसिक आरोग्याला प्रथमच विस्तृत स्थान दिले. तीव्र मनोविकाराचे रुग्ण ओसरीवर ताटकळत असताना विसरभोळेपणाची तक्रार घेऊन आलेल्या नोकरदाराला डॉक्टरांनी किती वेळ द्यावा, हा प्रश्न अवघड आहे, आणि नाकारण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर प्राथमिक मार्गदर्शन मिळू शकते.

कायदा व कार्यालय

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांची गणना करतो. त्यात स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. अवधानन्यूनता स्वतंत्रपणे नाही. मानसिक आजार या शीर्षाखाली दावा करता येईल, परंतु त्यासाठी वापरली जाणारी 'आयडियाज' ही मोजपट्टी स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार क्षेत्रांत गुण देते. जो आंघोळ करतो, व्यवस्थित बोलतो, पण तीन वर्षांत चार नोकऱ्या गमावतो, तो चाळीस टक्क्यांची पायरी चढणे कठीण. अर्थात प्रत्येक निदानाला आरक्षण जोडले पाहिजे, असे नाही. मर्यादित जागांवर अधिक गंभीर दिव्यांगत्वाचा अग्रहक्क मान्य केलाच पाहिजे. सोयीसुविधांचा प्रश्न मात्र निराळा आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, लेखन करताना हात आखडणाऱ्या एका नागरी सेवा उमेदवाराच्या प्रकरणात, लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही, असा निर्णय दिला. सोय गरजेवरून ठरावी, टक्केवारीवरून नव्हे, हे सूत्र या विकारालाही लागू करता येण्याजोगे आहे.

विम्याबाबत २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शारीरिक व मानसिक आजारांत भेद करण्यास मनाई केली, आणि २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही एका विमाधारक महिलेचा दावा मान्य करताना ती अधोरेखित केली. तथापि आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यावर बेतलेला असतो. या विकारात दाखल होण्याचा प्रसंगच सहसा येत नाही; सर्व खर्च बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधांचा. त्यामुळे हक्क कागदावर आणि देयक रुग्णाच्या हाती, अशी स्थिती राहते.

कार्यालयांनी करावयाच्या गोष्टींना खर्च जवळजवळ नाही. तोंडी सूचनेनंतर दोन ओळींची लेखी नोंद, महिन्याच्या एका मुदतीऐवजी आठवड्याच्या चार मुदती, सलग कामासाठी एखादा शांत कोपरा, कानावर आवाजरोधक लावण्याची मुभा. येथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. सरकारी कचेरीतील आवक-जावक नोंदवही, नस्ती, टिपणी, स्मरणपत्र आणि दुसरे स्मरणपत्र या पद्धतीची आजवर पुष्कळ थट्टा झाली. परंतु माणसाच्या स्मरणावर विसंबून न राहता प्रत्येक काम कागदावर उतरविणारी ती व्यवस्था अवधानदोष असलेल्या कर्मचाऱ्याला मोठा आधार देते. याउलट गुरुग्रामच्या भिंती नसलेल्या प्रशस्त दालनांत, मध्यरात्रीपर्यंत चार माध्यमांतून येणाऱ्या संदेशांवर चालणारे काम त्याची सर्वाधिक परीक्षा पाहते. आधुनिक कार्यालयाने जुन्या कचेरीकडून घेण्यासारखे बरेच आहे.

वीस वा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनी समान संधी धोरण जाहीर करावे, असे २०१७ चे नियम सांगतात. त्या धोरणात निदान लपविण्याची गरज पडू नये, असे कलम किती कंपन्यांनी घातले आहे, हे मनुष्यबळ व्यवस्थापकांनीच तपासून पाहावे. सध्या पदोन्नतीच्या भीतीने बहुसंख्य कर्मचारी ही गोष्ट सहकाऱ्यांनाही सांगत नाहीत.

राहिला आकडेवारीचा मुद्दा. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यांत दिल्लीही नव्हती आणि महाराष्ट्रही नव्हता. प्रौढांच्या निष्कर्षांत नैराश्य, चिंता, व्यसने व तीव्र मनोविकार यांची आकडेवारी आहे. अवधानन्यूनतेला स्वतंत्र रकाना नाही. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची प्रश्नावली अठरा प्रश्नांची आहे आणि तिच्या प्राथमिक चाळणीला सहा प्रश्न पुरतात. तेवढे प्रश्न एका माणसाला विचारण्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. राजधानी परिसर दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांच्या हद्दींत पसरलेला असल्यामुळे चारही आरोग्य विभागांना ही प्रश्नावली एकाच वेळी, हिंदी भाषांतराची पडताळणी करून, द्यावी लागेल; आणि ज्यांचे उत्तर होकारार्थी येईल, त्यांच्यापैकी काहींना तरी प्रत्यक्ष तपासणीसाठी बोलाविण्याची तरतूद त्याच अंदाजपत्रकात ठेवावी लागेल.